ओट्यावरचा उजेड

भोपाळच्या तुलसी नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये पुढे-मागे दोन खोल्या, एक अंधारं स्वयंपाकघर आणि मागच्या दाराशी लांबट पडवी, एवढंच होतं. घरात कुठेही बसलं तरी कोण काय करतंय ते ऐकू यायचं. सकाळी मी अंथरुणात पडूनच आईचा स्वयंपाक ऐकायची. आधी पितळी डब्याचं झाकण, मग परातीत पीठ पडल्याचा धप्प आवाज, मग मोहरी, आणि शेवटी तव्यावर पोळी दाबताना होणारी फडक्याची टपटप. आई नागपूरची. गोळाभात, कढीत सोडलेले डाळीचे गोळे, कोथिंबिरीच्या सांबारवड्या, थंडीत पाटवडीचा झणझणीत रस्सा, यातलं काही केलं की खालच्या मजल्यावरच्या बायका वाटी घेऊन यायच्या आणि "भाभी, इसमें डाला क्या है?" म्हणून विचारायच्या. आई नुसती हसायची. बाबा सरकारी बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेत होते, ऑफिसाबरोबर नागपूरहून इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. आमच्याकडे घरात मराठी, जिन्यात हिंदी आणि भांडण झालं तर दोन्ही चालायचं.

आईला कमी दिसायला लागलंय हे मला आधी कानांनी कळलं. मोहरी तडतडून गप्प झाली तरी भाजी पडल्याचा चर्र आवाज येईना. झाकण डब्यावर बसायच्या आधी दोन-तीनदा कडेवर आपटायला लागलं. पोळीची टपटप मध्येच थांबायची, आणि त्या थांबलेल्या वेळात ती काय करते ते बघायला मी एकदा उठून गेले, तर आई तव्यावर वाकून, मान वाकडी करून, पोळीकडे तिरकं बघत होती. डाग पडलेत की नाहीत, हे तिला समोरून कळत नव्हतं. तेव्हा मी अकरावीत होते. मी परत जाऊन पडले आणि पांघरूण डोक्यावर घेतलं.

डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून, दिवे मारून पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "देखिए, आँख का परदा बीच से घिस रहा है. चश्मे से कुछ नहीं होगा. किनारे-किनारे से दिखता रहेगा. घर में रोशनी अच्छी रखिए." आता भोपाळ आणि डोळे हे दोन शब्द एकत्र आले की ऐकणारा लगेच त्या गॅसच्या रात्रीबद्दल विचारतो. आईचे डोळे त्याने गेले नाहीत. तिचा त्रास त्याच्या कितीतरी आधीचा आणि तिच्या माहेरच्या रक्तातून आलेला होता. हे मी दर वेळी सांगते, कारण ज्यांचं त्या रात्री खरोखर गेलं त्यांच्या रांगेत उगीच उभं राहणं मला बरं वाटत नाही.

डॉक्टरांचं बाकी सगळं बाबा विसरले आणि शेवटचं वाक्य तेवढं घरी घेऊन आले. उजेड म्हणजे त्यांच्या हातची गोष्ट होती. शहरातल्या कितीतरी सरकारी कचेऱ्यांचे, शाळांचे, दवाखान्यांच्या वऱ्हांड्यांचे दिवे त्यांनी लावून घेतलेले. कुणाच्या लग्नाला गेले तरी मांडवात शिरल्याबरोबर वर बघून "कमी आहे" म्हणायचे, आणि आई त्यांना कोपराने ढोसायची. त्यांच्याकडे ऑफिसचं लक्स मीटर असायचं, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र. काट्याची एक डबी आणि तिला वायरीने जोडलेली पेढ्याएवढी चकती. चकती टेबलावर ठेवली की काटा सांगायचा तिथे उजेड किती पडतो. ज्या खोलीत काटा हवा तिथवर गेला नाही, तिथला ठेकेदार बाबांच्या तावडीतून सुटायचा नाही.

आईसाठी बाबांनी स्वयंपाकघराचा कायापालट केला. भिंतींना चकचकीत पांढरा ऑइल पेंट दिला, ओट्यावर पांढऱ्या टाइल्स बसवल्या, आईचं जुनं सागवानी पोळपाट माळ्यावर टाकून बाजारातून पांढरं संगमरवरी आणलं. "पांढऱ्यावर उजेड वाया जात नाही," ते म्हणाले. मग ओट्यासमोरच्या भिंतीवर, आईच्या डोळ्यांच्या उंचीला, दोन उघड्या ट्यूबलाइट एकाखाली एक लावल्या, आणि छताला मोठा बल्ब. खिडकी जिन्याकडे उघडत असल्यामुळे हे सगळं दिवसासुद्धा पेटवावं लागायचं. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा मी डोळ्यांवर हात धरला. बाबांनी चकती ओट्यावर ठेवली, काटा सरसर उजवीकडे गेला, आणि ते आईला म्हणाले, "पाहा. एवढा उजेड आमच्या चीफ इंजिनियरच्या टेबलावर नाही." आई म्हणाली, "छान झालं." तिने दुसरं काय म्हणायला हवं होतं? तीन रविवार माणूस शिडीवर उभा होता.

त्या पांढऱ्या स्वयंपाकघरात आईचं काम आणखी बिघडलं. हे आज लिहिताना सोपं वाटतं, तेव्हा आम्हा कुणाच्याच डोक्यात शिरलं नाही. एवढा उजेड असूनही चुका वाढतायत, म्हणजे डोळेच भराभर जातायत, असा सरळ हिशेब आम्ही केला. आईनेही तोच केला असावा, कारण ती गप्प होत गेली. दूध पांढऱ्या ओट्यावर सांडलं तर तिला ते पायावर ओघळल्यावर कळायचं. पोळी लाटता लाटता पोळपाटाबाहेर जायची. बाहेरच्या बायकांकडे ती तिरकं बघायची म्हणून त्या तिला गर्विष्ठ म्हणू लागल्या, आणि वाटी घेऊन येणं हळूहळू बंद झालं.

आणि मी काय करत होते, तर तिच्यामागे तांदूळ पुन्हा निवडत होते. दुपारी आई ओट्यावर स्टीलचं ताट घेऊन तासभर तांदूळ निवडायची. ती उठली की मी ते ताट पुढच्या खोलीत न्यायची, दार लोटायची आणि तिच्याकडून राहिलेले खडे वेचायची. कधी पाच, कधी सात. एकदा बाबांच्या दाताखाली खडा आला आणि आईचा चेहरा असा झाला की तो पुन्हा बघायला लागू नये म्हणून मी हे सुरू केलं. निदान मी स्वतःला तसं सांगत होते. खरं म्हणजे त्यात मला थोडा मोठेपणाही वाटायचा. खडे मी माझ्या कंपासपेटीत टाकायची, कारण बाहेर फेकले तर आईच्या पायाला लागतील. तिला आवाजाने कळेल म्हणून एकेक खडा बोटाने दाबून ठेवायची.

आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. भाद्रपदात तीन दिवस माहेरपणाला येतात, आणि मधल्या दिवशी त्यांचं जेवण. विदर्भातल्या घरांना हा दिवस काय असतो ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी एवढंच समजावं की सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, पंचामृत, आणि हे सगळं घरच्या सुनेने सोवळ्यात करायचं. त्यातही एक अट अशी की नैवेद्य दाखवेपर्यंत कशाचीही चव घ्यायची नाही. मीठ नजरेने, पुरणाचा पाक नजरेने, वड्याचा रंग नजरेने. बाबा थोरले म्हणून महालक्ष्म्या आमच्या घरी, आईच्या हाती होत्या. लग्न होऊन आल्यापासून तिने एकही वर्ष चुकवलं नव्हतं. तिच्याकडे दागिने फारसे नव्हते, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पण त्या एका दिवशी आमच्या सगळ्या गोतावळ्यात तिच्यापुढे कुणाचं चालायचं नाही.

त्या वर्षी बाबांची थोरली बहीण, आमची आत्या, मदतीला म्हणून नागपूरहून दहा दिवस आधीच आली. आत्या तोंडाने फटकळ, मनाने हळवी. तिने दोन दिवस काही न बोलता नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आई कढत आमटीचं पातेलं गॅसवरून उतरवून ओट्यावर ठेवायला गेली. समोर ट्यूबा, खाली चकाकणारा पांढरा ओटा, मागे पांढरी भिंत. ओट्याची कड कुठे संपते ते तिला दिसलं नाही, आणि तिने पातेलं अर्धं हवेत ठेवलं. मी पुढच्या खोलीत होते. आधी पातेलं पडल्याचा आवाज आला आणि मग आईचा. डाव्या पायाची पावलापासून घोट्यापर्यंतची कातडी गेली. आत्याने पाण्याची बादली ओतली, बाबा तिला स्कूटरवरून नेऊन मलमपट्टी करून घेऊन आले, आणि संध्याकाळी आई दिवाणावर पाय लांब करून बसलेली असताना आत्या बोलली.

"वहिनी, आता पुरे. यंदापासून महालक्ष्म्या धाकट्याकडे जाऊ दे. तिथे धाकटी करेल सगळं."

आईने लुगड्याचा काठ पट्टीवरून बाजूला सारला.

"मला काय आनंद होऊन राहिला का हे म्हणताना?" आत्याचा आवाज फुटला. "उद्या तेलाची कढई घेशील अंगावर. नैवेद्याच्या भातात खडा निघाला तर चालेल तुला? आणि हे रोजचं रांधणंही बेबीने करावं. कॉलेज काय, बाहेरून परीक्षा देता येते."

बेबी म्हणजे मी. मी बाबांकडे बघितलं. बाबा उठले, स्वयंपाकघरात गेले, ट्यूबा लावल्या, ओट्यावर चकती ठेवली, काटा बघितला आणि परत आले. "उजेड तर पुरेसा आहे," ते म्हणाले. "ह्याच्यापुढे मी काय करू?" त्या रात्री त्यांनी धाकट्या काकांना पत्र लिहिलं. सोमवारी टाकायचं म्हणून ते टेबलावर पेपरवेटखाली ठेवलं. आईच्या हातातून तिचं घर काढून घेतलं जात होतं आणि ते काढणारे आम्ही तिघंही तिच्यावर जीव टाकणारे होतो, हे मला आजही गिळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी लाइट गेली. भोपाळात तेव्हा ती रोजच जायची, त्यात विशेष काही नव्हतं. बाबा ऑफिसला गेले होते, आत्या देवळात. आभाळ भरून आलेलं, स्वयंपाकघरात मिट्ट काळोख. आईला पाय टेकवत नव्हता, पण रिकामं बसवतही नव्हतं. ती भिंतीला धरून पडवीत गेली, मागच्या दाराच्या आत, दार डाव्या हाताला येईल अशी पाटावर बसली आणि मला म्हणाली, "तांदूळ दे. ताट नको शोधू, सूप आहे इथेच." मी दिले. तिने अर्ध्या तासात निवडले. एरवी तासभर लागायचा. मी सवयीने ते सूप पुढच्या खोलीत नेलं, खिडकीशी बसले आणि निवडायला लागले. एकही खडा निघाला नाही. मी पुन्हा सुरुवातीपासून बघितलं. एकही नाही. लाइट आल्यावर, दुपारी, मी मुद्दाम आईला ओट्यावर ताटात आणखी तांदूळ निवडायला दिले. त्यात सहा निघाले.

हे बाबांना सांगायचं तर मला माहीत कसं, हेही सांगावं लागणार होतं. संध्याकाळपर्यंत मी ते पोटात घेऊन फिरले. पेपरवेटखालचं पत्र दिसत होतं. शेवटी दिवेलागणीच्या आधी चौघं पुढच्या खोलीत चहाला बसलो असताना मी बोलले.

"बाबा, सकाळी लाइट नव्हती तेव्हा आईनं पडवीत तांदूळ निवडले. त्यात एक खडा नव्हता. दुपारी ओट्यावर निवडले, त्यात सहा निघाले."

"तुले काय माहीत?" आत्या म्हणाली.

मी कंपासपेटी आणून उघडली. कोणी काही विचारायच्या आत मीच सांगून टाकलं, की आईने निवडलेले तांदूळ मी रोज पुन्हा निवडते.

आईने हात पुढे केला. मी पेटी तिच्या हातात दिली. तिने त्यातले खडे बोटांनी चाचपले, आणि बराच वेळ चाचपत राहिली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"रोज?"

"हो."

"आणि मी रोज तासभर बसून राहिली," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिने पेटी मिटून माझ्या बाजूला सरकवली आणि मान फिरवली. आईने मला आयुष्यात तीन-चारदा तरी मारलं आहे. त्यातलं एकही इतकं लागलं नाही.

बाबा मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकले होते. "पण पडवीत कसं शक्य आहे?" म्हणत ते मीटर घेऊन मागे गेले. आम्ही मागोमाग गेलो. आई आत्याच्या खांद्याला धरून. बाबांनी पाटासमोर फरशीवर चकती ठेवली. काटा जेमतेम हलला. "पाहा ना," ते म्हणाले, "इथे स्वयंपाकघराच्या निम्माही नाही. हे मीटर खोटं बोलत नाही."

"तुम्ही ते कुठे ठेवता?" आईने विचारलं.

"काम जिथे असते तिथे. ओट्यावर. कायदाच आहे तसा."

"चला आत."

स्वयंपाकघरात दोन्ही ट्यूबा जळत होत्या. आई नेहमीच्या जागी, ओट्यापुढे उभी राहिली, एका पायावर. "द्या इकडे," म्हणून तिने ती चकती बाबांच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या दोन भुवयांच्या मध्ये, कपाळावर धरली, तोंड समोर करून. "आता पाहा. माझे डोळे ओट्यावर नाहीत, इथे आहेत."

काटा थेट टोकाला जाऊन आपटला आणि तिथेच थरथरत राहिला. बाबांनी डबी हातात हलवून बघितली. मग आई तशीच लंगडत पडवीत आली, पाटावर बसली, चकती पुन्हा कपाळावर धरली. काटा पार डावीकडे जाऊन निजला. आई म्हणाली, "तिथे मला सगळं पांढरं दिसते हो. गाडीचा दिवा तोंडावर आला की दिसते ना, तसं. मी दीड वर्ष म्हणत होती की डोळे गेले."

बाबा तिच्यासमोर फरशीवर खाली बसले. त्यांना एवढं खाली बसलेलं मी क्वचितच बघितलं होतं. "मी तुझ्या डोळ्यांत उजेड मारून राहिलो होतो," ते म्हणाले, "आणि तू छान झालं म्हणत होती."

"तुम्ही इतकं केलं होतं," आई म्हणाली. "कसं म्हणणार?"

ते पत्र टाकायला मग कोणी गेलं नाही. आत्या मात्र हटून होती. "पडवीत बसून तांदूळ निवडले म्हणजे सोळा भाज्या झाल्या का? जेवणाच्या दिवशी सांगा मला," ती म्हणाली, आणि एका परीने तिचं बरोबर होतं. हातात सात दिवस होते. बाबांनी रजा टाकली. पहिल्यांदा दोन्ही ट्यूबा काढल्या. ते काढताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मग तेलाचा रिकामा डबा कापून त्याची टोपी केली, बाहेरून काळी, आतून साधी, आणि तिच्यात बल्ब बसवून तो आईच्या डाव्या हाताला, तिच्या हनुवटीच्याही खाली येईल असा वायरीवर टांगला. बल्ब तिला दिसायचाच नाही. दिसायचे फक्त तिचे हात आणि हातातलं काम. आई उभी राहून सांगायची, "खाली. अजून खाली. जरा मागे घ्या." चाळीस कचेऱ्यांना उजेड लावून देणारा माणूस बायको सांगेल तसं वायर वर-खाली करत होता आणि एकदाही "मीटरनुसार" म्हणाला नाही. चकचकीत टाइल्सवर जुनी गोणपाटाची चादर आली. ओट्याच्या कडेला बाबांनी हिरव्या रंगाचा चार बोटांचा पट्टा मारला. सागवानी पोळपाट माळ्यावरून उतरलं. पांढरी पोळी काळपट लाकडावर दिसते, तुरीची डाळ निवडायला पांढरं ताट लागतं, उडदाची डाळ धुतल्यावर लोखंडी कढईत बघायची, असं एकेक आई शोधून काढत होती आणि शोधताना तिचा आवाज परत येत होता. माझ्याशी मात्र ती कामापुरतंच बोलायची. "पाणी दे." "वायर धर." एवढंच. मी वायर धरून उभी राहायची आणि ती वळून बघेल म्हणून वाट पाहायची.

आता मी भोपाळातच, मिसरोदला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. छतात अठरा दिवे खोचलेले आहेत आणि एकाच्याही उजेडात मला सुईत दोरा ओवता येत नाही. माझ्या ओळखीत, ओळखीच्यांच्या ओळखीत, कुणाला कमी दिसायला लागलं की मला बोलावणं येतं. मी काही डॉक्टर नाही, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. पण अरेरा कॉलोनीतल्या मोठमोठ्या बंगल्यांत गेले की मी आधी निम्मे दिवे बंद करायला लावते. मुलं-सुना रागावतात. त्यांनी प्रेमाने लावलेले असतात ते. मग मी त्या म्हातारीला किंवा म्हाताऱ्याला विचारते, की तुम्ही बसता कुठे, बघता कुठे, आणि उजेड येतो कुठून. बहुतेक घरांत हे त्यांना त्याआधी कोणी विचारलेलंच नसतं.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आई पहाटे न्हाऊन, ओलेत्याने नेसून, भाजलेला पाय पाटावर ठेवून ओट्यापुढे स्टुलावर बसली. बसून स्वयंपाक करायला आत्याने आधी नाक मुरडलं, मग स्वतःच स्टूल धुऊन दिलं. आत्या चिरायचं बघत होती, मी पाणी आणि भांडी. सोळा भाज्या एकेक करून उतरल्या. पुरण शिजलं तेव्हा आईने पळी त्यात उभी केली, उजेडाकडे कलती धरली, तिरकं बघितलं आणि म्हणाली, "झालं." आत्याने मागून वाकून पाहिलं आणि ती पुढचं भांडं आणायला वळली. मग आईने तांदळाचं सूप माझ्यापुढे धरलं. ते तांदूळ तिने आदल्या दिवशी निवडलेले होते. "धुवायला घे," ती म्हणाली. मी सूप घेतलं. सवयीने माझी नजर खाली जाणार होती, ती मी वर धरली, आणि न बघता सगळे तांदूळ पातेल्यात ओतून पाणी सोडलं. भातात खडा निघू नको दे, एवढंच मनात म्हणत होते. देवापुढे मी त्या दिवशी दुसरं काही मागितलं नाही.

दुपारी नैवेद्य झाला, आरती झाली, सवाष्णी आणि पाहुणे बसले. खालच्या मजल्यावरच्या बायकाही होत्या. आईनेच बोलावल्या होत्या. आत्या मानाच्या पानावर. तिने भाताचा पहिला घास घेतला आणि खूप सावकाश चावला. आम्ही तिघंही उभे होतो, बाबा तर हातात तुपाचं भांडं घेऊन तसेच. आत्याने दुसरा घास घेतला. मग पोळी मोडली, कढी ओरपली, वड्याचा तुकडा खाल्ला आणि मान वर न करता म्हणाली, "पुढच्या वर्षी मी पाच दिवस आधी येईन. दहा दिवस लागत नाहीत." आई वाढत होती. तिने आत्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी टाकली, अगदी मधोमध. बाबा तुपाचं भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

चार वाजले असतील. पंगती उठल्या होत्या, आत्या आडवी झाली होती. मी ओटा पुसत होते आणि आई त्या टांगलेल्या दिव्याशी स्टुलावर बसून पायाची पट्टी सैल करत होती. "बेबी, इकडे ये," ती म्हणाली. सात दिवसांत तिने मला नावाने हाक मारली नव्हती. मी गेले. "खाली बस." मी बसले. तिने दिव्याची वायर हाताने ओढून घेतली, माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे केला आणि माझ्या कानापलीकडे कुठेतरी बघायला लागली. तिला माझा चेहरा तसाच दिसायचा, हे मला माहीत होतं. तिने कपाळ बघितलं, गाल बघितले, मग हनुवटी.

"किती बारीक झाली गं तू," ती म्हणाली. "आणि हे काय इथे? टाके आहेत का?"

"सायकलवरून पडली होती मी. मागच्या पावसाळ्यात."

"मागच्या पावसाळ्यात," आई म्हणाली. तिचा अंगठा त्या खुणेवरून एकदा गेला, पुन्हा गेला. "मला नाही सांगितलं."

माझे डोळे भरून आले आणि मी मान खाली घालायला लागले, पण तिने हनुवटी सोडली नाही.

"रडू नको," ती म्हणाली. "पाणी चमकते, मग मला काही दिसत नाही. पूस डोळे."

मी ओढणीने डोळे पुसले, कोरडे होईपर्यंत पुसले, आणि चेहरा पुन्हा तिच्या उजेडात धरला.